मापाची ब्रा

स्तनांमध्ये स्नायू नसतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, दुधाच्या नलिका आणि भोवतीची चरबी एवढाच त्यांचा ऐवज. छातीचा मोठा स्नायू असतो तो त्यांच्या मागे. व्यायामाने तो स्नायू भरतो, पण स्तनाला आतून उचलून धरणारे काही त्यातून तयार होत नाही. स्तन जागेवर राहतो तो दोन गोष्टींमुळे: वरची त्वचा आणि त्वचेपासून मागच्या आवरणापर्यंत गेलेले तंतूंचे नाजूक पडदे. ब्रिटिश शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्तनरचनेवरच्या ग्रंथात या तंतूंचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात त्यांना कूपरचे बंध म्हणतात. वय, बाळंतपणे आणि वजनातले चढउतार यांनी त्वचा आणि हे बंध सैलावत जातात. ब्रा वापरल्याने ते सैलावणे कायमचे टळते, याला भक्कम पुरावा नाही. तिचे काम त्याहून साधे आहे. अंगावर असेपर्यंत ती स्तनांचे वजन पेलते आणि बरगड्यांच्या घेराभोवती वाटून देते.

हे वजन ब्राचा कोणता भाग पेलतो, याबद्दलची समजूत बहुधा उलटी असते. खांद्यांवरच्या पट्ट्या दिसतात, त्या वर ओढताही येतात, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावरच असावा असे वाटते. प्रत्यक्षात मुख्य भार घेतो तो स्तनांच्या खालून पाठीकडे जाणारा आडवा बँड. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे लगेच पटेल: मोठ्या पाठपिशवीचा कमरपट्टा नीट आवळला की वजन कमरेवर येते आणि खांदे मोकळे होतात. बँड सैल असला की पुढचे वजन खाली ओढते, मागची बाजू पाठीवर वर चढते, कप पुढे झुकतात आणि उरलेला सगळा भार दोन अरुंद पट्ट्यांवर येतो. खांद्यांवर पडलेल्या खाचा, भरून आलेली मान, संध्याकाळी दुखणारी पाठ यांचे मूळ अनेकदा इथे असते. अशा वेळी हात पट्ट्यांच्या बकलाकडे जातो, पट्ट्या आखडल्या जातात, आणि त्याने मागचा बँड आणखी वर ओढला जातो. दुरुस्ती म्हणून केलेला हा उपाय दुखणे वाढवतो.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाठीच्या चोळीला आधार खालूनच मिळत असे. खणाच्या चोळीची दोन टोके स्तनांच्या खाली मधोमध ओढून गाठ मारली जाई, आणि गाठ त्या त्या दिवशीच्या अंगाप्रमाणे कमीजास्त आवळता येई. युरोपातही शिवलेला आधार फार जुना आहे. ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली पंधराव्या शतकातले लिननचे काही कपडे सापडले, त्यांत स्वतंत्र कप शिवलेली आतली वस्त्रे होती. आजच्या ब्राचा सलग इतिहास मात्र विसाव्या शतकातला. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ साली पाठ उघडी ठेवणाऱ्या ब्राचे पेटंट मिळाले, पण त्या वस्त्रात मापाचा प्रश्न फारसा नव्हता. कपांना ए, बी, सी, डी ही अक्षरे मिळाली ती १९३० च्या दशकात, अमेरिकी कारखान्यांत. पुढे १९५८ साली ड्युपाँ कंपनीत ताणून पुन्हा मूळ लांबीवर येणारा स्पॅन्डेक्सचा धागा तयार झाला आणि अंतर्वस्त्रांचे कापडच बदलले.

कापड बदलले, मापाची रीत मात्र बरीच वर्षे जुनीच राहिली. स्तनांखालच्या घेरात ४ किंवा ५ इंच मिळवून बँडचा आकडा काढायचा, अशी ती रीत. ताण न घेणाऱ्या कापडाच्या काळात ती चालून गेली. आजच्या लवचीक बँडला ती लागू केली तर बँड मुळातच सैल निघतो, आणि आकडा फुगल्यामुळे कपाचे अक्षर खाली घसरते. भारतातल्या कित्येक खोक्यांवर आणि मापाच्या तक्त्यांवर ही बेरीज अजून आहे. दुकानातली चुकीची ब्रा बहुतेक वेळा या बेरजेतून येते.

एक उदाहरण घेऊ. स्तनांखालचा घेर ३२ इंच आणि स्तनांच्या सर्वांत भरीव भागावरचा घेर ३७ इंच आहे. जुन्या रीतीने ३२ मध्ये ४ मिळवले की बँड ३६ येतो. ३७ मधून ३६ वजा केले की उरतो १ इंच, म्हणजे ए कप. माप झाले ३६ ए. बेरीज न करता पाहिले तर बँड ३२ आणि फरक ५ इंचांचा. दर इंचाला एक अक्षर धरले तर १ म्हणजे ए, २ म्हणजे बी, ३ म्हणजे सी, ४ म्हणजे डी आणि ५ म्हणजे डीडी. म्हणजे माप आले ३२ डीडी. एकाच बाईची ही दोन मापे. पहिल्या ब्रात बँड पाठीवर फिरत राहतो आणि कपातून स्तन बाहेर येतात. ती बाई मात्र आपले अंगच बेढब आहे अशी समजूत करून घेते.

डीडी हे अक्षर ऐकून अनेकजणी दचकतात. सी, डी म्हणजे फार मोठे स्तन, ही समजूत सिनेमा आणि जाहिरातींनी पसरवली. अक्षर एकटे काहीच सांगत नाही. ते फक्त दोन घेरांमधला फरक सांगते. ३२ डी आणि ३८ डी या दोन कपांत मावणारा ऐवज अगदी वेगळा असतो. उलट ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए यांचे कप जवळपास एकाच मापाचे असतात. अशा मापांना सिस्टर साइझ म्हणतात. बँड एका आकड्याने खाली उतरला की कप एका अक्षराने वर जातो, एवढे लक्षात ठेवले की दुकानात अडत नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईला ३२ डीडी मिळाली नाही, आणि साध्या दुकानात ती मिळणे कठीणच, तर ३४ डी ती घालून पाहू शकते. बँड किंचित सैल असेल, पण कप पुरेल.

टेपने मोजताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. अंगावर पॅड नसलेली साधी ब्रा असावी किंवा काहीच नसावे. खालचा घेर घेताना टेप स्तनांच्या अगदी मुळाशी, पुढे-मागे जमिनीला समांतर असावी. श्वास सोडून ती घट्ट ओढावी. वरचा घेर घेताना टेप नुसती टेकलेली असावी, दाबलेली नको. स्तन जड किंवा ओघळलेले असतील तर उभ्याने घेतलेले माप कमी भरते. कमरेतून पुढे वाकून मोजले की खरा आकडा कळतो. बँडचा आकडा सम असतो, म्हणून घेर ३१ आला तर ३० आणि ३२ दोन्ही घालून पाहाव्यात. कंपनीगणिक शिवण वेगळी असल्यामुळे टेपने सांगितलेले माप ही फक्त सुरुवात धरावी.

मराठी घरात यात आणखी एक गोंधळ मिसळतो तो ब्लाउजचा. शिंपी ब्लाउजसाठी छातीचे जे माप घेतो ते स्तनांवरून घेतलेले असते. ब्लाउज ३६ चा, म्हणून ब्राही ३६ ची, असा हिशेब कित्येक घरांत आईकडून मुलीकडे आलेला आहे. ब्राचा आकडा स्तनांखालच्या घेराचा असतो, त्यामुळे हा हिशेब सुरुवातीलाच बिघडतो. क्रमही उलटा हवा. आधी नीट मापाची ब्रा घ्यावी आणि ती घालूनच ब्लाउजचे माप द्यावे. कटोरी ब्लाउज किंवा प्रिन्सेस कट असेल तर हे फारच जाणवते, कारण स्तनांची उंची बोटभर बदलली तरी टक्स भलत्या जागी येतात. खांद्याच्या शिवणीला आतून छोटी पट्टी आणि टिचबटण लावून घेतले की ब्राची पट्टी गळ्यातून बाहेर डोकावत नाही.

आकड्यांचा घोळ देशोदेशी वेगळा आहे. भारत, ब्रिटन आणि अमेरिका इंचांचे आकडे वापरतात, पण डीच्या पुढची अक्षरे तिन्हीकडे सारखी नाहीत. जर्मनीत आपल्या ३४ ला ७५ म्हणतात, कारण तिथे सेंटिमीटर चालतात. फ्रान्समध्ये त्याच ब्रावर ९० छापलेले असते. परदेशी शिकायला गेलेल्या मुलीने तिथे खरेदी करताना आकडा ओळखीचा वाटला तरी तक्ता पाहावा.

ब्रा बरोबर आहे की नाही हे शेवटी अंगावरच कळते. नवी ब्रा नेहमी हुकांच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल ओळीवर बसायला हवी. धुण्याने आणि वापराने बँड ताणत जातो. तेव्हा आतल्या ओळी कामी येतात. नवी असतानाच सर्वांत आतल्या ओळीवर लावावी लागली तर बँड मोठा आहे. घालताना किंचित पुढे वाकावे आणि काखेकडून स्तन हाताने कपात आणून बसवावा. स्तनाचा भाग काखेपर्यंत जातो. काखेजवळचा जो फुगवटा चरबी समजून दाबला जातो तो पुष्कळदा लहान कपातून बाहेर पडलेला स्तनच असतो. मग आरशात बाजूने पाहावे. बँड पुढून मागे सरळ आडवा हवा. त्याखाली दोन बोटे सरकतील इतकीच जागा हवी. वायरची ब्रा असेल तर दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला चिकटून बसावा, आणि वायर स्तनाच्या मुळाभोवती फिरून काखेकडे संपावी, स्तनावर नाही. कपाच्या वरच्या कडेने स्तनाची दुसरी घडी दिसली तर कप लहान आहे. पोकळी राहिली तर एक तर कप मोठा आहे किंवा त्याचा आकार जुळत नाही.

यानंतरच्या दोन चाचण्या दुकानातल्या विक्रेतीला क्वचितच आठवतात. दोन्ही हात वर करावेत. बँड हातांबरोबर वर सरकला तर तो सैल आहे. मग दोन्ही पट्ट्या खांद्यांवरून उतरवाव्यात. ब्रा जवळपास जागच्या जागी राहिली तर वजन बँड पेलतो आहे. कप लगेच खाली आले तर सगळे पट्ट्यांवर चालले आहे. बसूनही पाहावे, कारण बसल्यावर पोट आणि बरगड्यांचा घेर वाढतो आणि उभ्याने छान वाटणारी वायर तेव्हा टोचू लागते. ब्रा काढल्यावर अंगावर फिकट रेघा दिसणे साहजिक आहे. लाल, खोल आणि बराच वेळ न जाणाऱ्या रेघा मात्र बँड लहान असल्याचे सांगतात.

माप जुळूनही ब्रा बसत नाही तेव्हा प्रश्न आकाराचा असतो. काहींचे स्तन रुंद पसरलेले आणि कमी उठावाचे असतात, काहींचे अरुंद मुळाचे पण पुढे आलेले. काही वरून भरलेले, काही खालून. मुलींच्या कुर्त्यांखाली सर्रास दिसणारी, साच्यात घडवलेल्या जाड कपाची ब्रा एका ठरावीक घुमटाची असते. तो घुमट ज्यांच्या अंगाशी जुळतो त्यांनाच ती नीट बसते. इतरांना वर पोकळी राहते आणि त्या कप लहान घेतात, म्हणजे चूक दुप्पट होते. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला, पॅड नसलेला कप दिसायला जुनाट वाटतो, पण तो अंगाचा आकार घेतो, आणि जड स्तनांना आधारही चांगला देतो. पॅड म्हणजे आधार नव्हे. तो फक्त आकार आणि आड देतो. दोन स्तन थोडे लहानमोठे असणे अगदी नेहमीचे आहे. माप मोठ्याचे घ्यावे आणि दुसऱ्या बाजूला काढता येणारा पातळ पॅड घालावा.

वायरबद्दल नको तितकी भीती आहे. योग्य रुंदीची वायर जाणवतही नाही; ती रुतते तेव्हा कप लहान असतो किंवा बँड सैल. वायरने किंवा घट्ट ब्राने स्तनांचा कर्करोग होतो, ही समजूत १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने जगभर नेली. सिॲटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने पाळी गेलेल्या सुमारे १५०० स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ब्रा किती तास घातली, कोणत्या वयापासून घातली, वायर होती की नाही, यांपैकी कशाचाही कर्करोगाशी संबंध त्यात आढळला नाही. रात्री ब्रा घालून झोपावे की काढून, हा तितकाच निरुपद्रवी प्रश्न आहे. आवडत असेल तर मऊ, सैल ब्रा घालावी. पाळीच्या आधी स्तन ठणकतात तेव्हा नीट आधार देणाऱ्या ब्राने आराम पडतो. पण एकाच जागी टिकून राहणारे दुखणे, गाठ, त्वचेवर खळी किंवा स्तनाग्रातून स्राव असेल तर ब्रा बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

धावताना स्तन वर-खाली तर होतातच, शिवाय बाजूला आणि पुढे-मागेही हलतात. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठात स्तनांच्या हालचालीवर बरेच काम झाले असून, ही हालचाल इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी होते असे तिथे दिसून आले. स्पोर्ट्स ब्राचा जन्म १९७७ सालचा. अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा आधारपट्टे एकत्र शिवून पहिला नमुना बनवला. आज तिचे दोन प्रकार मिळतात: दोन्ही स्तन छातीशी दाबून धरणारी आणि प्रत्येक स्तन वेगळ्या कपात धरणारी. लहान स्तनांना पहिली पुरते. जड स्तनांना दुसरी किंवा दोन्हींचा मेळ घातलेली लागते. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या कितीतरी मुली दोन साध्या ब्रा एकावर एक घालून धावतात. त्याने श्वास कोंडतो आणि कड्यांखाली कातडी सोलवटते. बुटांवर जेवढा विचार होतो तेवढा या एका कपड्यावरही व्हायला हवा.

माप आयुष्यभर एकच राहत नाही. मुलींना साधारण ८ ते १३ या वयात स्तनांची सुरुवात होते, बऱ्याचदा एका बाजूला आधी, आणि जागा हुळहुळी असते. तेव्हा सुती शमीज किंवा बिनवायरची पातळ ब्रा पुरते. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घेऊन ठेवण्यात फायदा नाही. थोड्या घ्याव्यात, स्वस्त घ्याव्यात, लवकर बदलाव्यात. गरोदरपणात स्तनांबरोबर बरगड्यांचा घेरही रुंदावतो, म्हणून नुसता कप बदलून भागत नाही. बँडला हुकांचा जोडपट्टा लावून काही महिने काढता येतात. अंगावर पाजणाऱ्या आईने घट्ट बँड आणि रुतणारी वायर टाळावी. एकाच जागी दाब पडत राहिला तर दूध साचून गाठी होतात आणि पुढे जंतुसंसर्गही होऊ शकतो. पाजण्यासाठीच्या ब्राचा कप एका हाताने उघडता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात बाळ असते. पाळी गेल्यानंतर ग्रंथींची जागा चरबी घेते, स्तन मऊ होतात आणि जुनाच आकडा वेगळा बसतो. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना पाठीमागचे हुक म्हणजे रोजची कसरत. पुढे उघडणारी सुती ब्रा त्यांच्यासाठी सोयीची. एक स्तन शस्त्रक्रियेने काढला असेल तर कपाला आतून खिसा असलेली ब्रा मिळते. त्यात कृत्रिम स्तन बसवला की दोन्ही बाजूंचे वजन सारखे होते. जखम भरेपर्यंत मात्र हलका, सुती, विणलेला स्तनच सोसवतो.

खरेदीची अडचण मापाइतकीच मोठी आहे. काउंटरपलीकडचा पुरुष विक्रेता नुसत्या नजरेने आकडा सांगतो, खोकी पुढ्यात टाकतो, घालून पाहायची सोय नसते आणि वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून हातात येते. संकोच केवळ गिऱ्हाइकाचा नाही, शहराचाही आहे: २०१३ साली मुंबई महापालिकेच्या सभागृहाने दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रे घातलेल्या पुतळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव केला होता. पुण्याच्या तुळशीबागेत भाव आणि रंग भरपूर, पण तिथेही घालून पाहणे शक्य नसते. झिवामेसारखी संकेतस्थळे २०११ पासून आली आणि ३० चा बँड, डीच्या पुढचे कप हे प्रथमच गावोगाव पोचू लागले. ऑनलाइन घेताना एकाच जातीची लागोपाठची दोन-तीन मापे मागवावीत, घरी निवांत सगळ्या चाचण्या कराव्यात आणि नको ती परत करावी. त्याआधी परतीचे नियम वाचावेत, कारण अंतर्वस्त्रे परत न घेणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

आपल्या हवेत कापडालाही महत्त्व आहे. होजिअरीचे सुती कापड घाम शोषते, पण एकट्या सुताने आधार टिकत नाही. कप सुती आणि बँडमध्ये थोडे स्पॅन्डेक्स ही जोडी बरी. स्तनांखाली घाम साचून कातडी लाल होणे, खाजणे, बुरशी धरणे हे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सर्रास दिसते. सैल ब्राने हा त्रास वाढतो, कारण त्वचा त्वचेला घासत राहते.

धुताना गरम पाणी, ब्लीच आणि पिळणे टाळावे. पिळ्याने वायर वाकते आणि लवचीक धागा तुटतो. मशीनमध्ये टाकायचीच तर हुक लावून जाळीच्या पिशवीत टाकावी. कडक उन्हात रोज वाळवल्याने स्पॅन्डेक्स लवकर मरते. पण टॉवेलखाली लपवून दमट मोरीत वाळत घालण्याची जी रीत घरोघरी आहे ती त्याहून वाईट. ओल राहते आणि बुरशी तिथूनच अंगाला लागते. वाऱ्याची, सावलीतली उघडी दोरी सर्वांत चांगली. एकच ब्रा रोज न घालता तीन-चार आलटूनपालटून वापरल्या की धाग्याला पुन्हा आवळायला वेळ मिळतो. सर्वांत आतल्या हुकावर लावूनही बँड पाठीवर चढू लागला की ती ब्रा संपली, कप कितीही नवे दिसत असले तरी.